बोलणं वहीत उतरलं पाहिजे

(ग्रामपंचायतींच्या महिला सदस्या, बचत गटांच्या अध्यक्ष-सचिव आणि गावपातळीवर काम करणाऱ्या मैत्रिणींसाठी गोंदिया जिल्ह्यात झालेल्या शिबिरातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आजच्या सत्राला कागदावर 'सभाधीटपणा' असं नाव दिलं आहे. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पुढारी येतो. कडक इस्त्रीचे कपडे, हातात माइक, 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणत पंधरा नावं, आणि पाऊण तासानं तो खाली बसला की तो नेमकं काय बोलला हे कोणालाच सांगता येत नाही. तसं बोलायला शिकण्यासाठी आपण एक दिवसाची मजुरी बुडवून इथे आलेलो नाही. आपल्याला एवढंच शिकायचं आहे की गावाच्या सभेत उभं राहून आपलं म्हणणं असं मांडायचं, की ते सभेच्या वहीत लिहिलं जाईल आणि त्यावर पुढे काम होईल. टाळ्या पडल्या तर चांगलंच, नाही पडल्या तरी चालेल. वहीत उतरलं पाहिजे.

सकाळी ओळख करून देताना तुमच्यापैकी बऱ्याच जणी म्हणाल्या, "मला बोलता येत नाही." मला हे पटत नाही. तेंदूच्या हंगामात फळीवर पुडकी मोजून देताना मुन्शी शेकड्यामागे दोन-चार पुडकी खराब म्हणून बाजूला टाकतो, तेव्हा त्याच्याशी कोण भांडतं? तुम्हीच. विड्यांची छाट जास्त काढली की ठेकेदाराला हिशेब कोण विचारतं? तुम्हीच. रोवण्याच्या दिवसांत एका बांधीतून दुसऱ्या बांधीत ऐकू जाईल एवढा आवाज कोणाचा असतो? बचत गटात कर्जाचा हप्ता थकला तर बाईच्या दारात जाऊन तिला न दुखावता पैसे मागणं हे तर वकिलालाही जमणार नाही, ते तुम्ही दर महिन्याला करता. म्हणजे बोलता येतं. अडचण जिभेची नाही, जागेची आहे. जिथे बोलायचं असतं त्या चावडीत सासरे बसलेले असतात, भासरे बसलेले असतात, ज्यांच्या बांधीत आपण मजुरीला जातो तो मालक बसलेला असतो. त्यांच्यासमोर आवाज काढायचा नाही, हे आपल्याला लग्नाच्या आधीपासून शिकवलेलं आहे. म्हणून ही भीती तुमच्या एकटीची आहे असं समजू नका. ती शिकवलेली भीती आहे, आणि शिकवलेली गोष्ट मोडताही येते.

आपण किती आणि आपला आवाज किती

२०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या गोंदिया जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ९९९ बाया आहेत. म्हणजे गाव अर्धं आपलं आहे. पंचायतीतल्या जागांचंही तसंच. महाराष्ट्रात १९९० साली स्थानिक संस्थांमध्ये बायांना ३० टक्के जागा दिल्या गेल्या. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि किमान एक-तृतीयांश जागांची हमी राज्यघटनेनंच दिली. २०११ साली राज्यानं हे आरक्षण ५० टक्के केलं. खुर्च्या अर्ध्या झाल्या. आता एक काम करा. गावी गेल्यावर पंचायतीत जाऊन मागच्या चार ग्रामसभांचं प्रोसिडिंग बुक वाचायला मागा. तो तुमचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची मेहरबानी नको. त्यात हजेरीच्या सह्या सोडून द्या. ठरावाचे सूचक कोण आणि अनुमोदक कोण, चर्चेत नाव कोणाचं आहे, एवढंच मोजा. किती बायांची नावं सापडतात ते एका कागदावर लिहा.

हजेरीबद्दलही बोललं पाहिजे. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल ती. ही संख्या भरायला बायांची आठवण होते. कधी 'रेशनचं काम आहे, घरकुलाचं काम आहे' असं सांगून बोलावतात, सही झाली की "जा बाई आता, स्वयंपाकाला उशीर होईल" म्हणतात. कधी रजिस्टरच घरोघरी फिरवतात. वनहक्क कायद्याच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्या कायद्याखाली भरणाऱ्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक-तृतीयांश बाया असाव्या लागतात. देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव या भागांतल्या मैत्रिणींना हे माहीत आहे, कारण तिकडे काही गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि तिथल्या ग्रामसभांनी तेंदूपत्ता स्वतः विकला. पण नियमानं बाई सभेत बसवता येते, तिला बोलतं करता येत नाही. पान तोडायला पहाटे जंगलात जाते बाई, पुडकी बांधते बाई, आणि बोनस कसा वाटायचा हे ठरताना ती मागच्या भिंतीला टेकून बसलेली असेल, तर ती फक्त गणपूर्तीपुरती आली असं म्हणावं लागेल.

आपल्या आधी बोललेल्या बाया

आपण काही पहिल्यांदा बोलायला निघालेलो नाही. १८८९ साली मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून सामाजिक परिषद भरली होती. विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर बोलायला पंडिता रमाबाई उभ्या राहिल्या. समोर पुरुषांची प्रचंड सभा, माइक तर तेव्हा नव्हताच. मागून आवाज येऊ लागले, ऐकू येत नाही म्हणून. रमाबाई थांबल्या. सभा शांत होईपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सुनावलं ते अशा अर्थाचं होतं, की माझा आवाज लहान आहे यात नवल नाही, कारण बाईला आवाज मोठा करायची संधी तुम्ही कधी दिलीच नाही. यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, गोंधळ असेल तर गोंधळावर ओरडू नये, थांबावं. थांबलेल्या बाईकडे सभा आपोआप बघते. दुसरी, आवाज बारीक आहे याची लाज आपण बाळगायची नाही.

दुसरी गोष्ट आपल्या नागपूरची. १९३७ साली तिथे अखिल भारतीय महिला परिषद भरली. मोठमोठ्या घरच्या शिकलेल्या बाया होत्या. जाईबाई चौधरी तिथे गेल्या होत्या. नागपुरात दलित मुलींसाठी शाळा चालवणाऱ्या या बाई. जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवलं गेलं. बायांच्याच परिषदेत हा अपमान झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, २० जुलै १९४२ ला, त्याच नागपुरात दलित महिलांची स्वतःची परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. समोर सुमारे २५,००० बाया होत्या अशी नोंद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरही तिथे बोलले, पण मला सांगायचं आहे ते ठरावांबद्दल. नवऱ्यापासून फारकत घेण्याचा हक्क, एकापेक्षा जास्त बायका करण्याला कायद्यानं बंदी, आणि गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे राबणाऱ्या बायांना रजा, दुखापत झाली तर भरपाई, म्हातारपणी पेन्शन. विडीवाल्या बाईच्या रजेचा ठराव १९४२ सालचा आहे, मैत्रिणींनो! त्या बाया नुसतं दुःख सांगून घरी गेल्या नाहीत. काय पाहिजे ते मागितलं, मंजूर करून घेतलं आणि लिहून ठेवलं. म्हणून आज ८० वर्षांनंतरही आपल्याला ते सांगता येतं.

बोलण्याची तयारी : तीन वाक्यं

आता प्रत्यक्ष कामाचं. सभेत बोलायचं तर आधी घरी किंवा गटाच्या बैठकीत तीन वाक्यं तयार करा. पहिलं वाक्य, काय झालं आहे. दुसरं, त्यामुळे कोणाचं काय जातं. तिसरं, काय पाहिजे, कोणी करायचं आणि कधीपर्यंत.

समजा टोलीवर पाण्याची अडचण आहे. आपण सभेत सहसा असं बोलतो : "आमच्याकडे पाण्याचा फार त्रास आहे. किती वेळा सांगितलं, कोणी ऐकत नाही. बायांचे फार हाल होतात. साहेबांनी लक्ष द्यावं." हे सगळं खरं आहे. पण याचं उत्तर काय येतं? "बघू." आणि वहीत काय लिहिलं जातं? बहुतेक वेळा काहीच नाही. कारण लिहायला त्यात काही नाही.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं बोलून बघू : "आमच्या टोलीवर ४२ घरं आहेत, हातपंप दोन आहेत, त्यातला शाळेजवळचा होळीपासून बंद आहे. दुसऱ्यावर रांग लागते, एका घरचं पाणी भरायला रोज दोन तास जातात, त्यापायी बायांची सकाळची मजुरी बुडते. शाळेजवळचा हातपंप १५ दिवसांत दुरुस्त करावा, असा ठराव मी मांडते, तो लिहून घ्या." पाहिलंत? वेळ एक मिनिटही लागला नाही. रडणं नाही, शिवी नाही, कोणाच्या पाया पडणं नाही. घरं किती, पंप किती, कधीपासून, किती दिवसांत, हे सगळं आकड्यांत आहे. आकडा तुम्ही मोजून आणलेला असला की समोरचा तो सहज खोडू शकत नाही. त्याला खोडायचा असेल तर टोलीवर येऊन मोजावं लागेल, आणि तो आला तरी आपलंच काम झालं.

एका वेळी एकच विषय मांडा. पाणी, रस्ता, दारू आणि अंगणवाडी सगळं एकदम सांगितलं तर सभेला जो सोपा वाटतो तेवढाच विषय धरला जातो आणि बाकीचे वाहून जातात. चार विषय असतील तर चौघी बोला.

आणि विषय आधीच विषयपत्रिकेवर आणा. 'आयत्या वेळचे विषय' म्हणून जो प्रश्न येतो तो संध्याकाळी निम्मे लोक उठून गेल्यावर येतो. सभेच्या नोटिशीची वाट बघत बसू नका, आधीच पंचायतीत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायच्या असतात आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत महिला सभा कागदावरच होते. ती खरोखर भरवायला लावा. तिथे फक्त बाया असतात, म्हणून बोलण्याचा सराव करायला त्याहून चांगली जागा नाही. तिथे झालेला ठराव घेऊन ग्रामसभेत उभं राहिलं की "हे माझं म्हणणं आहे" असं म्हणावं लागत नाही. "महिला सभेचं म्हणणं आहे" असं सांगता येतं. त्यानं पाठीला बळ येतं.

कोणत्या भाषेत बोलायचं?

हा प्रश्न दर शिबिरात येतो. आपल्या जिल्ह्यात झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, सीमेकडे छत्तीसगढी आणि हिंदी आहे. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श नाही. पाण्याला आपण पानी म्हणतो, डोळ्याला डोरा म्हणतो, तळ्याला तरा म्हणतो. मग सभेत साहेब आले की बाई आपल्या बोलीतला शब्द गिळते आणि पुस्तकातला शब्द शोधू लागते. तो सापडत नाही, मग ती अडखळते, कोणीतरी हसतं, ती खाली बसते. असं करू नका. "मले बोलाचं आहे" म्हणून सुरुवात केलीत तरी सभा तुमचीच आहे. तुमची बोली समजून घेणं हे पगार घेणाऱ्या माणसाचं काम आहे. वहीत तो शुद्ध मराठीत लिहील, त्याची काळजी तुम्ही कशाला करता? गोंडी बोलणाऱ्या मैत्रिणीला मराठी कमी येत असेल तर तिनं गोंडीतच बोलावं आणि शेजारच्या मैत्रिणीनं वाक्यावाक्याला मराठीत सांगावं. वेळ दुप्पट लागेल, लागू द्या. पुढाऱ्यांच्या पाऊण तासांत कोणी घड्याळ बघत नाही.

फक्त एक शब्द नेमका माहीत असू द्या, तो म्हणजे 'ठराव'. 'विनंती' म्हटलं तर ते कोणाच्या मर्जीवर राहतं. 'ठराव' म्हटलं तर लिहावं लागतं.

उभं राहणं, आवाज आणि माइक

पाय थरथरतात, तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते. हे मोठमोठ्या वक्त्यांनाही होतं. त्यावर साधे उपाय आहेत. उठल्याबरोबर बोलू नका. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, भात कांडताना टेकवतो तसे. एक लांब श्वास घ्या. मग बोला. पहिलं वाक्य मात्र पाठ असू द्या, कारण पहिलं वाक्य बाहेर पडलं की पुढची येतात.

ज्यांची भीती वाटते त्यांच्याकडे बघू नका. सर्वांत मागच्या रांगेत एका मैत्रिणीला मुद्दाम बसवा आणि तिला ऐकू जाईल असं बोला. तिनं हात वर केला तर आवाज वाढवायचा, एवढी खूण ठरवून ठेवा. माइक असेल तर तो तोंडापासून चार बोटांवर धरा. ओठांना चिकटवला की घरघर होते, खाली धरला की आवाज जात नाही. पदर डोक्यावर घ्यायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, आज मला त्यावर भांडायचं नाही. पण पदर तोंडासमोर येऊ देऊ नका. शब्द पदरात अडकतात.

कागद जवळ ठेवायला हरकत नाही. लिहिता येत नसेल तर बोटांवर धरा. अंगठा म्हणजे काय झालं, पहिलं बोट म्हणजे कोणाचं काय जातं, दुसरं बोट म्हणजे काय पाहिजे. तीन बोटं मोजून झाली की बसायचं. बोलणं संपलं तरी 'आणखी एक सांगते' म्हणत राहिलं की आपणच आपलं म्हणणं पातळ करतो.

मध्येच कोणी बोललं तर

बोलणार आहेत, हे धरूनच चला. "बसा बाई, तुम्हाला काय कळतं." "घरी भाकरी टाकल्या का?" "नवऱ्याला पाठवा." आणि विषय दारूचा असेल तर याहून घाण बोलतील, चारित्र्यावर बोलतील. त्या टोमण्याला उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की सभा त्या टोमण्यावर चालू होते आणि हातपंप बाजूला राहतो, त्यांना तेच पाहिजे असतं. आपलं तिसरं वाक्य पुन्हा म्हणा, त्याच आवाजात. "शाळेजवळचा हातपंप १५ दिवसांत दुरुस्त करावा." पुन्हा टोमणा, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी सभेतले चार पुरुषही म्हणतात, "अरे, बोलू द्या तिला."

पण हे एकटीनं करायचं काम नाही. आम्ही पाच जणींची रीत सांगतो. एक बोलते. एक तिच्या शेजारी उभी राहते, काही बोलत नाही, फक्त उभी राहते. एक मागच्या रांगेत बसून आवाजाची खूण करते. एक ठरावाला मोठ्यानं अनुमोदन देते. आणि पाचवी वहीजवळ बसते. ही पाचवी फार महत्त्वाची. ग्रामसेवकांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. ते लिहीत आहेत की नाही हे तिनं बघायचं, आणि सभा संपण्याआधी उठून म्हणायचं, "आमचा ठराव वाचून दाखवा." वाचून दाखवल्याशिवाय कोणी सही करून निघायचं नाही.

स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली 'मुलगी झाली हो' हे नाटक बसवलं, तेव्हा त्यात उभ्या राहिलेल्या बाया काही नाटक कंपनीतल्या नव्हत्या, चळवळीत काम करणाऱ्या बाया होत्या. आधी सगळ्या मिळून गायच्या, मिळून बोलायच्या. घोळक्यात उभं राहिलं की भीती वाटली जाते. आपणही सुरुवात तशीच करू. आधी पाच जणींनी मिळून एक वाक्य म्हणायचं, मग एकटीनं.

नवऱ्यांबद्दल एक खुलासा. नवरा गावचा मतदार आहे, ग्रामसभेत तो स्वतःच्या नावानं बोलू शकतो. पण सदस्य तुम्ही असाल तर पंचायतीच्या मासिक सभेत तुमच्या जागी बसण्याचा, तुमच्या वतीनं बोलण्याचा अधिकार त्याला नाही. "बाई लाजतात, मी सांगतो" असं कोणी म्हटलं तर बाकीच्या सदस्यांनी म्हणायचं, "त्या सांगतील, आम्ही थांबतो." हे दुसऱ्या बाईनं म्हटलं तर तिच्या घरात भांडण कमी होतं.

सभा संपल्यावर

खरी कसोटी कधी कधी घरी असते. चारचौघांत बोललीस, माझी मान खाली घातलीस, म्हणून हात उगारला जातो. हे आपण सगळ्या जाणतो. म्हणून बोलणाऱ्या बाईला सभेनंतर एकटी सोडायचं नाही. घरापर्यंत दोघी-तिघींनी जायचं, चहा मागायचा, बसायचं. सासूसमोर म्हणायचं, "तुमच्या सुनेनं आज साऱ्या टोलीचं काम केलं." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चक्कर मारायची. बाईला धोका आहे असं वाटत असेल तर त्या सभेत तिनं बोलू नये, दुसरीनं बोलावं. सभेत बोलणं हे कोणाच्या शौर्याची परीक्षा नाही.

प्रत्येक गावात काही जणींना बोलणं त्यातल्या त्यात सोपं असतं. गावातच दिलेली गावची लेक, नातवंडं झालेली म्हातारी, अंगणवाडीची ताई. नवीन सुनेला सर्वांत अवघड. म्हणून वाट मोकळी करायला आधी म्हाताऱ्या बायांना उभं करा. त्यांच्यापुढे भासरे-सासरेही गप्प बसतात.

आणि सगळं बोलणं सभेतच होतं असं नाही. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर परवान्याच्या दारू दुकानावर मतदान घेता येतं. पण बाटली आडवी व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती एकूण महिला मतदारांच्या, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे. म्हणजे जी बाई घरी राहिली तिचं न आलेलं मत दुकानाच्या बाजूनं जातं. तिथे व्यासपीठावरचं दणदणीत भाषण उपयोगी पडत नाही. चुलीजवळ बसून, एका बाईला, तिच्या बोलीत, तिच्या घरातल्या आकड्यांसकट सांगावं लागतं. तीच तीन वाक्यं तिथेही चालतात.

शेवटचं, आपल्या आपल्यात

नागपूरच्या १९३७ च्या पंगतीची गोष्ट मी केवळ इतिहास म्हणून सांगितली नाही. आपल्या गटांत, आपल्या मोर्च्यांत माइक कोणाच्या हातात असतो? शिकलेल्या ताईच्या, शहरातून आलेल्या ताईच्या, अध्यक्षांच्या, ज्यांचं घर गावात मोठं त्यांच्या. मीही आज इतका वेळ बोलतेच आहे. गोंड, हलबा, महार, ढीवर घरातली बाई, नवऱ्यानं टाकलेली बाई, विधवा, अपंग मैत्रीण यांच्या वतीनं बोलायला आपल्यापैकी खूप जणी तयार असतात. त्यांना माइक द्यायला किती तयार असतात? ज्या बाईचा हातपंप बंद आहे तिनं अडखळत सांगितलेलं, ज्या बाईच्या घरी नळ आहे तिनं सफाईनं सांगितल्यापेक्षा जास्त पोचतं. म्हणून प्रत्येक गटानं एक नियम करावा. लागोपाठच्या दोन सभांत तीच बाई बोलणार नाही. जी छान बोलते तिनं पुढच्या वेळी वहीजवळ बसायचं.

आता माझं भाषण पुरे. पाच-पाच जणींचे गट करा. प्रत्येक गटानं आपल्या गावाचा एकच विषय घ्या, आकडे आठवून किंवा फोन करून विचारून घ्या, तीन वाक्यं बांधा. जेवणाआधी इथेच ग्रामसभा भरवू. काही जणी पुरुष होऊन टोमणे मारतील, जोरात मारा, लाजू नका, गावात याहून जास्त ऐकावं लागणार आहे. एक जण वही लिहील. आणि सकाळपासून ज्यांनी तोंड उघडलेलं नाही त्या आधी बोलतील. मला इथून दिसत आहेत त्या. मागच्या रांगेतल्या सगळ्या, पुढे या.